शुक्रवारची मुलाखत

कामतघरच्या त्या अरुंद जिन्यात आमची टक्कर झाली तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत चहाचे ग्लास होते. माझ्या हातात रेकॉर्डर, संमतिपत्रांची फाईल आणि एक न मिटणारी छत्री. थोडा चहा त्याच्या मनगटावर सांडला. तो नुसता हसला.

"भाऊ, समुपदेशक साहेब आलेत का वर?" मी विचारलं.

"येतील एवढ्यात. बसा तुम्ही, चहा घ्या."

मी बसले. चहाही घेतला. मग तोच माणूस मनगट पुसत समोरच्या खुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, "आले साहेब. विचारा."

माझे कान तापले. पण लाज वाटायची ती नुसती सुरुवात होती.

"भिवंडीत पहिल्यांदाच ना, मॅडम? मेलमध्ये ठाण्याचा पत्ता होता."

तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर, नारपोलीत, माझं घर होतं. बारावीपर्यंत मी त्याच घरात वाढले. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते, आणि त्यांचं कपाट आवरायचं म्हणून मी तिथेच राहत होते. कपाट अजून उघडलंही नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "पहिल्यांदाच."

आपल्याहून वेगळ्या समाजात काम करणारे समुपदेशक, हा माझ्या पीएचडीचा विषय. हा इमाद त्यांतला नववा. कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या घरातला, बंगळुरूला शिकलेला, आणि आता बिहार-यूपीहून आलेल्या यंत्रमाग कारागिरांना भेटणारा. प्रत्येकाच्या तीन मुलाखती घ्यायच्या होत्या. तीन शुक्रवार, सकाळी अकरा. वार मीच कळवला होता.

"सुरुवातीला मी विचारायचो, कैसा महसूस होता है?" तो सांगत होता. "तो माणूस माझ्याकडे बघत बसायचा. जसं काय मी त्याची किडनी मागितली."

"मग?"

"मग एकदा सहज विचारलं, गाव में अभी क्या बोया है? झालं… तासभर रडला. आता मी तेच विचारतो. पेरणीचं." तो थांबला. "तुमच्या ठाण्यात सध्या काय पेरलंय, मॅडम?"

"ठाण्यात… ट्रॅफिक," मी म्हणाले.

तो इतका मोकळा हसला की रेकॉर्डरचा काटा टोकाला गेला. घरी येऊन मी ते हसणं चार वेळा ऐकलं. टंकलेखनासाठी.

दुसऱ्या शुक्रवारी तो मला खालच्या कारखान्यात घेऊन गेला. माग बंद होते. खिडकीतल्या उन्हात कापसाची धूळ तरंगत होती.

"हा उभा धागा, ताना. हा आडवा, बाना. आणि हा धोटा, तो इकडून तिकडे पळतो."

"अच्छा…" मी म्हणाले. आमच्या चाळीच्या भिंतीला लागून सोळा माग होते. ते चालू असल्याशिवाय मला लहानपणी झोप यायची नाही.

"हात लावून बघा ना."

धागा ताणलेला होता. माझं बोट त्याच्यावर, त्याचं बोट माझ्याहून दोन इंच पुढे. त्याने छेडला, मला माझ्या बोटात जाणवलं. आम्ही दोघंही उगाचच छताकडे पाहू लागलो.

त्याच्या ऑफिसात सगळे त्याला इमादभाई म्हणत. मला त्यातला 'भाई' जमेना. म्हणून मी त्याला कोणत्याच नावाने हाक मारत नव्हते.

निघताना तो रिक्षा थांबवायचा आणि रिक्षावाल्याला बजावायचा, "अंजूरफाटे पे उतारना मॅडम को, वहां से ठाणे की बस." मी मान हलवायचे आणि वाटेत नारपोलीला उतरून मान खाली घालून घरी जायचे. समोरच्या नीलाकाकू विचारायच्या, "आलीस का गं?" त्यांच्याकडे बघायचीही मला चोरी वाटायची.

तिसऱ्या शुक्रवारी मी 'संशोधकाची भूमिका' हे पान नेलं होतं. ज्याची मुलाखत घेतली त्याला ते वाचून दाखवायचं, असा माझ्या मार्गदर्शकांचा नियम आहे.

"वाचा," तो म्हणाला. हनुवटीखाली हात घेऊन, शाळेतल्या मुलासारखा.

"'संशोधक या शहराला पूर्णपणे परकी आहे. त्यामुळे…'"

पुढचं वाक्य समोर होतं. वाचता येईना. त्याने पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. नुसता थांबला.

"मी नारपोलीची आहे," मी म्हणाले. "चाळ नंबर दोन."

मग थांबता आलं नाही. पुण्यात माझ्या एम.ए.च्या पदवीदानाला बाबा आले होते. इथल्या एका शाळेत कारकून होते ते. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मैत्रिणीच्या आईने विचारलं, कुठले तुम्ही? बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, ठाण्याचे. भिवंडी म्हटलं की लोक क्षणभर गप्प होत, ते मला नको होतं. बाबा तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. पण त्यानंतर दर रविवारी फोन करून म्हणायचे, "हॅलो… ठाण्याहून बोलतोय." सात वर्षं. मी दर वेळी हसायचे. शेवटच्या रविवारीही ते तेच म्हणाले, आणि मीही हसले.

"ते चेष्टा करत होते की त्यांना लागलं होतं, हे मी कधी विचारलंच नाही," मी म्हणाले. "माझं काम म्हणजे लोकांना प्रश्न विचारणं."

त्याने रेकॉर्डर बंद केला.

"मला माहीत होतं," इमाद म्हणाला. "म्हणजे… बाबांचं नाही. नारपोलीही नाही. पण तुम्ही इथल्या, हे."

"कसं?"

"ठाण्याचा माणूस शुक्रवार मागत नाही, मॅडम. बाकीचे संशोधक सोमवारी येतात आणि मागांच्या आवाजात ओरडून घसा बसवून जातात. शुक्रवारी लूमला सुट्टी, रेकॉर्डिंग साफ येणार, हे कुणाला कळेल? ज्याच्या कानात लहानपणापासून माग बसलेत त्यालाच."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून…"

"पहिल्या मेलपासून."

"आणि ताना? बाना?"

"तुम्ही 'अच्छा' इतकं छान म्हणत होता…" मग त्याचं हसू मावळलं. "चूक माझी आहे. बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर तुम्ही पुढच्या शुक्रवारी आला नसतात. आणि मला तुम्ही यायला हव्या होतात."

मी फाईल उचलली आणि जिना उतरले. छत्री तिथेच राहिली.

त्या रात्री मी बाबांचं कपाट उघडलं. पदवीदानाचा तो सदरा घडी घालून ठेवला होता, आणि त्याच्या खिशात त्या दिवशीचं पुणे-भिवंडी एसटीचं तिकीट. माझ्यासाठी त्यात उत्तर नव्हतं. मी सदरा मांडीवर घेऊन बसले, आणि 'परकी आहे' वर काट मारून त्याच्यापुढे खरं ते लिहिलं.

शनिवारी सकाळी माग सुरू झाले. मी गॅलरीत जाऊन फोन लावला.

"हॅलो… भिवंडीहून बोलतेय."

फक्त माग. तिकडचे फोनमधून, इकडचे भिंतीतून.

"बोला, भिवंडी," तो म्हणाला. "तुमची छत्री मिटत नाही. मी प्रयत्न केला."

"तुमची मुलाखत मला प्रबंधातून काढावी लागेल."

"का? वाईट होती?"

"सगळ्यात चांगली होती. पण नियम आहे. ज्याच्यात आपण गुंतलो, त्याची मुलाखत धरत नाहीत."

"काय? जोरात बोला! लूम चालू आहेत!"

"ज्याच्यात गुंतलो—" मी ओरडले. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. "त्याची मुलाखत धरत नाहीत!"

तो हसत होता. पहिल्या वेळीच सगळं साफ ऐकू गेलं होतं त्याला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

समोरच्या खिडकीतून नीलाकाकूंनी डोकं बाहेर काढलं. "कुणावर ओरडतेस गं सकाळी सकाळी?"

इतक्या वर्षांची सवय जिभेवर आली होती. मैत्रीण, ऑफिसातलं कुणी, ठाण्याचं कुणी…

"इमाद," मी म्हणाले.

काकूंनी कानाला हात लावला. माग जोरात चालले होते.

मी गॅलरीच्या कठड्याला रेलले आणि ते नाव पुन्हा घेतलं, आणखी मोठ्याने.