बसायला जागा

एस.टी.त कुणी उतारू उठला की त्याच्या जागेवर आपल्याकडे माणूस लगेच बसत नाही. आधी हाताने दोनदा थोपटतो, जागा जरा निवू देतो, मग टेकतो. दुसऱ्याच्या उबेवर बसलं की गळू होतं म्हणतात. गिदोन मास्तर या गोष्टीला हसायचा. कोल्हारपासून चार मैलांवरच्या एका वाडीत तो शाळेवर होता. उष्णता एका वस्तूतून दुसरीत जाते, गळू जात नाही, असं तो चौथीच्या पोरांना दरवर्षी सांगायचा.

एकाहत्तर सालची दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडायच्या दिवशी सकाळी त्याने सायकलवर टांग टाकली, तर सीट गरम लागली. सायकल रात्रभर घरात भिंतीला टेकून होती. आईने वर काही ठेवलं असेल म्हणून तो निघाला. आई, म्हणजे मरियाबाई, साठीच्या. त्या काय सायकलवर बसून आल्या होत्या थोड्याच.

शाळेत पोचला. कुलूप त्यानेच काढलं. खुर्चीवर वीस दिवसांची धूळ होती, कुणाच्या बोटाचाही डाग नव्हता. फडक्याने पुसून तो बसला आणि तसाच उठला. उन्हाने तापलेलं लाकूड सगळीकडे सारखं तापतं. माणूस बसून गेलेली जागा मधोमध जास्त गरम असते, कडेला कमी, आणि जराशी दमट. त्याने तळहात फिरवून पाहिला. मधोमध जास्त होती, कडेला कमी.

नाताळापर्यंत ते सगळीकडे झालं. जेवायचा पाट, रविवारच्या उपासनेतलं बाक, न्हाव्याच्या पुढ्यातलं पोतं. दुपारी बाजेवर आडवं व्हावं तर गोधडी एका कुशीच्या आकारात उबदार. एकदा तो प्रवरेत कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि मधल्या खडकावर चढून बसला. पाणी बर्फासारखं होतं. खडकावर मात्र कुणीतरी आत्ताच बसून गेलं होतं.

मास्तर हिशेबी डोक्याचा. त्याने युक्त्या करून पाहिल्या. शाळेत अर्धा तास लवकर गेला, खुर्ची आणखी गरम. उशिरा गेला, तरी तेवढीच. म्हणजे जो कोणी होता, तो त्याच्या वेळा पाळत होता. तो जिथे जाणार तिथे एक क्षण आधी जात होता, बसत होता, आणि तो आला की उठत होता.

हे सांगणार कुणाला? आईला सांगितलं असतं तर तिने पाळकसाहेबांना बोलावून डोक्यावर हात ठेवायला लावले असते. सांगण्यासारखा माणूस एकच होता, शाळेतलाच मच्छिंद्र गुरुजी, आणि नेमकं त्यालाच सांगायची गिदोनला भीती वाटत होती.

त्यालाही कारण होतं. गिदोन नवीन होता तेव्हा शाळेत त्याचा चहाचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. किरिस्ताव झाले म्हणून काय आजा बदलतो का, असं वाडीचं म्हणणं. मच्छिंद्र तिथल्याच बागायतदाराचा मुलगा. त्याने एके दिवशी तो कान तुटका कप उचलला, हेडमास्तर रंगनाथ गुरुजींच्या देखत त्यातून चहा प्यायला आणि आपला कप गिदोनपुढे सारला. तेव्हापासून सहा वर्षं दोघं चिंचेखालच्या पारावर बसून एका फडक्यात भाकरी खात होते. गिदोनला वाडीत तेवढी एक जागा होती म्हणा ना.

आता पारावर बसताना गिदोन खिशातून रुमाल काढायचा, दगड झटकायचा, पुन्हा झटकायचा, निवायची वाट बघायचा. मच्छिंद्र चार दिवस बघत राहिला. मग रंगनाथ गुरुजींनी त्याच्या कानात फुंकर घातली, की तुझा दोस्त तू उठलास की जागा पुसतो, बघितलंस का?

"काय मास्तर," मच्छिंद्र एका दुपारी म्हणाला, "माझा इटाळ व्हतोय व्हय तुला?"

थट्टेत म्हणाला, पण भाकरीकडे बघत म्हणाला. ज्याच्या आज्याने गावकुसाबाहेर जन्म काढला, त्याच्यावर हा आळ यावा. रडावं की हसावं कळेना.

"तसं न्हाई रे."

"मग कसं?"

गिदोनने तोंड उघडलं. चार वाक्यं त्याने आठवडाभर जुळवून ठेवली होती. पण मच्छिंद्र आधीच मान हलवायला लागला होता, दुसऱ्यांदा तेच ऐकणाऱ्या माणसासारखी.

"हे तू मघाशीच सांगितलंस," तो म्हणाला.

गिदोनने काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तो उभाच राहू लागला. उभ्याने शिकवायचा, उभ्याने जेवायचा, उपासनेत मागे भिंतीशी उभा राहायचा. लोकांना ती भक्ती वाटली. शाळेत सायकल हातात धरून चालत जायचा. झोपायचा दाराच्या चौकटीला टेकून, तेही डुलक्याच. घोड्याला उभ्याने झोप लागते, माणसाला ते जमत नाही. पायांना सूज आली, वहाणा जाईनात. त्याला आता त्या पुढे चालणाऱ्याची भीती वाटत नव्हती, राग येत नव्हता. त्याला फक्त बसायचं होतं. आयुष्यात माणसाला काय हवं असतं असं कुणी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, एक गार जागा.

फेब्रुवारीत मच्छिंद्रलाच राहवलं नाही. दोन महिने तो एकटा जेवत होता, आणि अबोला त्याच्या स्वभावात नव्हता. मधल्या सुट्टीत त्याने गिदोनचं मनगट धरलं आणि त्याला पारापाशी आणलं.

"पाय बघ तुझे. बस."

"नको."

"माझ्याशेजारी बस. कोण काय करतंय बघू."

त्याने खांद्यावर भार दिला. गिदोन बसला.

दगड गरम होता. तो तसाच बसून राहिला. निवेल, म्हणाला मनात. नेहमी निवतो.

निवला नाही.

ऊब मांड्यांपाशी आली, पाठीशी आली. मच्छिंद्र डावीकडे होता, फडकं सोडत होता. उजवीकडे कुणी नव्हतं.

उजवीकडून कुणीतरी जरासं सरकलं आणि त्याला नीट बसायला जागा करून दिली.

गिदोन ओरडला ते नदीपलीकडे ऐकू गेलं म्हणतात.

मग पुणं, मोठं इस्पितळ, सुया, पिवळ्या गोळ्या. दोन महिने. मच्छिंद्रच गाडी करून घेऊन गेला होता. वाटभर गिदोनने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तो घरी आला आणि बसला. पाटावर बसला, बाजेवर निजला, खुशाल. जागा आता नुसत्या जागा होत्या. आईने खिमा केला, तो मुकाट्याने जेवला. चव फारशी लागली नाही, पण डॉक्टर म्हणाले होते, गोळ्यांनी तसं होतं. एकच गोष्ट मनाला लागून होती. मच्छिंद्र काही आला नव्हता. येईल तरी कशाला? सहा वर्षांची सोबत आपण रुमालाने झटकून टाकली, असं गिदोनला वाटे आणि वाईट वाटे.

तिसऱ्या रविवारी दुपारी तो आला. मरियाबाई उपासनेहून परस्पर कुणाच्या आजारपणाला गेल्या होत्या. गिदोन सकाळपासून अंगणातल्या बाकड्यावर उन्हात बसून होता. फाटक वाजलं तसा तो उठला.

"सलाम, मास्तर," मच्छिंद्र म्हणाला. "आता बरं हाय ना?"

"लई बरं हाय. बस ना."

बाजूला बाज रिकामी होती, ओटा होता. मच्छिंद्रने दोन्हीकडे पाहिलं. मग मुद्दाम, गिदोन जिथून उठला होता बरोबर तिथेच, न झटकता, न थोपटता, तो जाऊन बसला. त्याची रीतच ती.

किती दिवसांनी गिदोनच्या आत काहीतरी हललं. तो घाईने चहा करायला आत गेला.

कपबशी घेऊन बाहेर आला तेव्हा मच्छिंद्र बाकड्याच्या फळीवर तळहात टेकून बघत होता, कडेला, मग गिदोन बसला होता तिथे मधोमध, आणि मधोमध टेकला की बर्फाला लागल्यासारखा चटकन उचलत होता. मग त्याने वर उन्हाकडे पाहिलं. खांद्यावरचा टॉवेल सोडून दोन्ही खांद्यांवरून पांघरून घेतला.

"काय झालं?"

"काय न्हाई." तो उठला नाही. तिथेच बसून राहिला, गुडघे जवळ घेऊन. चहा त्याने दोन घोटांत संपवला आणि रिकामा कप दोन्ही हातांत धरून ठेवला. "अजून हाय का रे? कडक गरम असंल तर."

गिदोनला बरं वाटलं. म्हणजे मच्छिंद्र बराच वेळ थांबणार. त्याने आत जाऊन स्टोव्ह मोठा केला आणि आधण ठेवलं. बाहेर अंगणात ऊन रणरणत होतं, आणि बाकड्यावरून कपाची कड दातांवर वाजल्याचा आवाज येत होता.