बाजूच्या सीटवरची फांदी

उद्यानाच्या कामगार वस्तीमागे, शेकोटीपाशी, झोंडी बाबांनी नव्याने लागलेल्या गाइड पोरांना हे सांगितलं.

"बेकुयिसे ओळखता ना? सफारीची गाडी चालवायचा तो. त्याच्याबाबतीत घडलेली गोष्ट आहे."

"बाबा, भुताची असेल तर नको. मला खोलीवर एकट्याला जायचंय," म्झामो म्हणाला.

"मग गप्प बस. बोलण्यानंच सगळं झालं."

जूनची सतरा, मंगळवार. बेकुयिसे समुद्रावर गेला तो धाकट्या भावाला, दुमिसाला, घरी आणायला. दुमिसा रात्री किनाऱ्यावर कासवांची राखण करायचा. डिसेंबरात लाटेनं ओढून नेला. देह सापडला नाही. अशा माणसाचा जीव रानबोरीच्या फांदीवर घरी आणतात. जिथं गेला तिथं फांदी टेकवून हाक मारायची. मग घर येईपर्यंत फक्त त्याच्याशी बोलायचं. जिवंत माणसाशी एक शब्दही नाही.

घरी आई त्याच्या स्वागताचं बकरं बांधून, दार उघडं टाकून बसली होती. सहा महिने तिला धड झोप नव्हती.

"चल दुमिसा. आई थांबलीय." बेकुयिसेने फांदी बाजूच्या सीटवर ठेवली, गाडी सुरू केली. आणि त्या सीटच्या पट्ट्याची घंटी वाजायला लागली. शेजारी माणूस बसल्याशिवाय ती वाजत नाही.

त्याने पाहिलं. गादी दबली होती.

त्याने पट्टा लावला. घंटी थांबली. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त रडू आलं. "शाळेत जाताना बुटाच्या नाड्याही मीच बांधायचो तुझ्या, आळशा," तो म्हणाला.

मग वाटभर सांगत राहिला. "हा पूल. खाली पाणघोडे आहेत. हा चढ, इथं तू माझी सायकल पाडलीस आणि नाव वाऱ्याचं घेतलंस."

रात्रीचे साडेसात झाले होते. उद्यानातल्या वळणावर पाहुण्यांची एक गाडी थांबलेली. आत पोरं रडत होती. बाईने काच खाली केली. "दादा, फाटक कुठं हो? आम्ही चुकलोय."

एकवीस वर्षं हेच विचारणाऱ्यांना उत्तर देण्यात गेलेली. तोंड आपसूक उघडलं.

"डावीकडे. पाच किलोमीटर."

खट्.

पट्टा सुटला होता. गादी... हळूहळू वर आली.

"दुमिसा?"

त्याने गादीवर हात ठेवला.

"दुमिसा... अरे..."

घंटी वाजेना. शेवटी तो फांदी घेऊन तसाच घरी निघाला.

घरी आईने दोन्ही हातांत फांदी घेतली. जोखून पाहिली. मग हळूच म्हणाली, "हलकी आहे रे. वाटेत कुणाशी बोललास?"

त्याने पाहुण्यांच्या गाडीचं सांगितलं. आईने दार लावून घेतलं.

नव्या फांद्या घेऊन बेकुयिसे तीनदा त्या वळणावर गेला. घंटी एकदाही वाजली नाही.

झोंडी बाबांनी लाकूड पुढे सरकवलं.

"त्या वळणावर, कडेच्या वाळूत एक खळगा आहे," ते म्हणाले. "गुडघे पोटाशी घेऊन कुणी बसावं, तेवढा. वारा बुजवतो. सकाळी पुन्हा असतो. परवा हत्तींचा कळप गेला तिथून. ठसे मी स्वतः पाहिले. सरळ आलेले... आणि तेवढ्या जागेला, पिल्लासकट सगळे, वळसा घालून गेलेले."