टिटवीचा दुसरा भोंगा

पाणी तर कुठेच नव्हतं. खाडीचा तळ उघडा पडला होता, लांबपर्यंत नुसता चिखल चमकत होता आणि ओहोटी अजून सरायची होती. तरीही टिटवीने दुसरा भोंगा दिला. गुडघाभर चिखलात तिसऱ्या (छोटे शिंपले) वेचणाऱ्या बायका हातातल्या टोपल्या तिथेच टाकून काठाकडे धावत सुटल्या.

बांधावर उभी असलेली मिथिला आळीपाळीने खाडीकडे आणि टिटवीकडे बघत होती. टिटवी खोटं का बोलली, हे तिला कळत नव्हतं. पण टिटवीला कुणी हात लावला होता, हे सगळ्या खाजणवाडीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

टिटवी म्हणजे पक्षी नव्हे. तो एक यंत्रमानव होता. तीन काटकुळे पाय, वर पेटीएवढं अंग आणि डोक्यावर भोंगा. मिथिलाच्या आजोबांनी, यशवंत तांडेलांनी, तो बनवला होता. आजोबा समुद्रशास्त्रज्ञ होते. निवृत्त होऊन ते गावी परतले, तोवर समुद्राची पातळी बरीच वाढली होती आणि खाडीच्या तोंडावरची वाळूची दांडी सरकली होती. पणज्यांपासून चालत आलेले भरती-ओहोटीचे आडाखे चुकू लागले होते. पाणी आता बायकांच्या पाठीमागच्या ओहळातून गुपचूप शिरायचं आणि परतीची वाट आधी बुडवायचं. म्हणून आजोबांनी खाडीच्या तोंडाशी एका खांबावर संवेदक (पाण्याची उंची आणि दिशा सतत मोजणारं उपकरण) बसवला आणि इकडे काठावर टिटवी उभी केली.

टिटवीची भाषा सगळ्यांना पाठ होती. सकाळचा पहिला भोंगा म्हणजे ‘मी जागी झाले’. दुसरा भोंगा म्हणजे ‘पाणी फिरलं, निघा’.

“टिटवी ओरडली की वाईट होतं म्हणतात,” सुलूकाकी नेहमी म्हणायच्या. “आमची ओरडली नाही तर वाईट.”

सुलूकाकी या वेचणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. आज त्या धापा टाकत बांधावर आल्या, वळल्या आणि खाडीकडे बघत राहिल्या. चिखल जिथल्या तिथे होता. टोपल्या कलंडून पडल्या होत्या.

“पाणी कुठे आहे, यशवंतभाऊ?”

आजोबा टिटवीपाशी वाकले होते. ते काही बोलणार, तेवढ्यात तिसरा भोंगा वाजला. मग जरा वेळाने चौथा.

“आता काय गाणं म्हणतेय का ती?” मंदा म्हणाली. ती बायकांतली सगळ्यात तरुण. दोघी-तिघी हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं.

आजोबांनी टिटवी बंद केली आणि दोन्ही हात जोडले. “माझंच काहीतरी चुकलं असणार. वय झालं आता. प्रोग्राम (संगणकाने काय करायचं त्याच्या सूचना) लिहिताना कुठेतरी... माफ करा. तुमची सकाळ वाया घालवली.”

मिथिलाची आई, वासंती, त्या बायकांतच होती. सासऱ्यांचे जोडलेले हात पाहून तिने मान खाली घातली. मिथिलाला वाटलं, आत्ताच बोलावं. पण ती जागची हलली नाही.

“माफी कसली, भाऊ,” सुलूकाकी म्हणाल्या. “पण उद्या अमावास्या. उधाणाचं पाणी घोड्यासारखं येतं. उद्या ही खरी ओरडली तरी आमचे पाय हलायचे नाहीत, आणि ते जास्त वाईट. तेव्हा उद्या ती बंदच ठेवा. आम्ही आमच्या डोळ्यांनी बघू.”

डोळ्यांनी बघून काय होतं, हे गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं होतं. दोघी कमरेइतक्या पाण्यातून कशाबशा ओढून काढल्या होत्या. त्यातली एक मिथिलाची आई होती.

ओहोटी अजून शिल्लक होती, म्हणून बायका पुन्हा चिखलात उतरल्या. आजोबा घराकडे निघाले. पाठमोरे ते एकदम लहान दिसत होते. मिथिला मात्र टिटवीच्या पायाशी बसून राहिली.

तिने केलं होतं ते चांगल्यासाठीच. टिटवी सकाळी जागी व्हायला फार वेळ लावायची. बायका बांधावर ताटकळायच्या आणि आजोबांना टोमणे मारायच्या, “भाऊ, तुमच्या टिटवीचं दात घासून झालं का?” आजोबा ओशाळं हसायचे. ते हसू मिथिलाला सहन व्हायचं नाही.

टिटवीच्या पोटातला संगणक लिनक्सवर चालायचा. लिनक्स ही कार्यप्रणाली (संगणकातली सगळी कामं सांभाळणारी मूळ व्यवस्था) आहे आणि तिचा बराचसा भाग आपल्याला हवा तसा बदलता येतो. संगणक चालू झाला की कार्यप्रणालीचा गाभा जागा होतो, आणि तो सर्वांत आधी एका प्रोग्रामला उठवतो. तो प्रारंभक. बाकीच्या सगळ्यांना उठवायचं काम त्याचं. टिटवीचा जुना प्रारंभक शिस्तीचा होता. तो एकाला उठवायचा, तो कामाला लागल्याची खात्री करायचा, मगच दुसऱ्याकडे वळायचा. मिथिलाने वाचलं होतं की याच्या जागी दुसरा प्रारंभक बसवता येतो. तो छोटा आणि चपळ असतो आणि सगळ्यांना एकदम उठवतो. त्याचं नाव होतं ‘राखणदार’. काल दुपारी आजोबांचा डोळा लागला असताना तिने भोंग्याची तार काढून तो बसवला. टिटवी चुटकीसरशी जागी झाली. तिने ती लगेच बंद करून तार परत जोडून ठेवली. सकाळी आजोबा चकित होतील, मग सांगू, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

आता कोणत्या तोंडाने सांगणार?

तिने भोंग्याची तार काढून त्याच्या जागी एक छोटा दिवा लावला आणि टिटवी पुन्हा चालू केली. निदान बिघाड शोधून काढावा, मग सांगावं. जुना प्रारंभक परत बसवला तर भोंगा बहुधा ठीक वाजेल, हे तिला समजत होतं. पण मग काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नव्हतं, आणि आजोबा जन्मभर स्वतःलाच दोष देणार होते.

बिघाड शोधायचा म्हणजे एकेका गोष्टीवरचा संशय दूर करत जायचं, हे आजोबांनीच शिकवलं होतं. आधी संवेदक. त्याचे आकडे तिने खाडीच्या तोंडाशी दिसणाऱ्या पाण्याशी ताडून पाहिले. ते बरोबर होते. मग भोंगा. त्याच्या जागचा दिवा आदेश मिळाला तरच लागत होता. मग तिच्या एक लक्षात आलं. सकाळचे सगळे भोंगे अगदी सारख्या अंतराने वाजले होते. पाणी कधी एवढं नेमाने वागत नाही. म्हणजे भोंग्याचा पाण्याशी संबंधच नव्हता.

थोडा वेळ जाऊ देऊन तिने विचारलं, “टिटवी, पाणी फिरलं की भोंगा वाजवणारा तो प्रोग्राम, आपला भोंगेवाला, चालू आहे का?”

“राखणदार म्हणतो, नाही,” टिटवी आपल्या बारीक आवाजात म्हणाली. “तो पुनःपुन्हा नाहीसा होतो. म्हणून राखणदार पुनःपुन्हा नवा उठवतो.”

“आणि स्मृतीत (संगणक जिथे चालू कामं धरून ठेवतो ती जागा) किती भोंगेवाले आहेत?”

“सात.”

“एकही नाही आणि सात?”

“दोन्ही खरं आहे,” टिटवी म्हणाली. “मला पण ते आवडत नाहीये.”

मिथिला डोकं धरून बसली. तेवढ्यात खाडीतून हाक आली. चिखलातला नेम असा होता की सुलूकाकींनी मधल्या खडकावर उभं राहून अधूनमधून एकेकीचं नाव घ्यायचं आणि तिने जिथे असेल तिथून ओ द्यायची. तिवरांच्या झुडपांमागे कितीही तिसऱ्या असल्या तरी तिकडे जायचं नाही.

“वासंती.”

“ओ.”

“मंदा. गो मंदे.”

ओ आली नाही. सुलूकाकींनी पुन्हा हाक मारली. मग सगळ्यांचं काम थांबलं. दोघींना त्यांनी शोधायला पाठवलं. इतक्यात तिवरांमागून मंदा उगवली. डोक्यावर शिगोशीग भरलेली टोपली आणि तोंडावर हसू.

“कामच तर करत होते, काकी. बघा किती मिळाल्या.”

“तू काम करत होतीस, ते मला इथून कसं दिसणार?” सुलूकाकी कडाडल्या. “ओ नाही म्हणजे बाई नाही. माझ्या लेखी तू बुडालीस. तुझ्यापायी दोघी कामातून उठल्या.”

मिथिला ताडकन उभी राहिली. ती टिटवीकडे बघत होती, पण तिला दिसत होती तिवरांमागची मंदा.

भोंगेवाला मेला नव्हता. तो पाठीमागे जाऊन काम करत होता.

धावत ती घरी आली. आजोबा ओटीवर बसले होते. समोर चहा निवला होता आणि मांडीवर त्यांचा जुना प्रोग्राम दाखवणारा पडदा होता. ते एकेक ओळ बोटाने तपासत होते, स्वतःची चूक शोधत होते.

“आजोबा, तिथे नाही सापडणार,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. मी काल टिटवीचा प्रारंभक बदलला. तुम्हाला विचारलं नाही. आणि सकाळी तुम्ही हात जोडलेत तेव्हाही मी गप्प बसले.”

आजोबांचं ओळीवरचं बोट थांबलं. त्यांनी पडदा बाजूला ठेवला.

“गप्प बसलीस, त्याचं मला वाईट वाटलं,” ते म्हणाले. “बदललास त्याचं तेवढं नाही. बस इथे. काय झालं असं वाटतं तुला?”

मिथिलाने डोळे पुसले आणि सांगू लागली. “भोंगेवाला उठतो, ‘जागा झालो’ म्हणून एकदा भोंगा वाजवतो, थोडा वेळ संवेदकाचे आकडे तपासतो आणि मग पार्श्वभूमीत (पडद्यामागे, कुणाच्या नजरेसमोर न राहता) जाऊन काम करतो.”

“बरोबर. मीच तसं लिहिलंय. जुन्या प्रारंभकाला तेच हवं असायचं. पहिला मागे सरला की तो समजायचा, हा कामाला लागला, आता पुढच्याला उठवू.”

“पण राखणदार तसा नाही. तो सुलूकाकींसारखा समोर उभा राहून लक्ष ठेवतो. जो नजरेआड झाला, तो त्याच्या लेखी बुडाला. मग तो लगेच नवा भोंगेवाला उठवतो. नवा उठला की तोही म्हणतो, ‘जागा झालो’. तो त्याचा पहिलाच भोंगा असतो, पण बायकांना तो दुसरा ऐकू येतो.”

आजोबांच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. “म्हणजे माझा प्रोग्रामही बरोबर आणि तुझा राखणदारही बरोबर. फक्त एकाची रीत दुसऱ्याला कुणी सांगितली नाही.”

“ते माझं काम होतं,” मिथिला म्हणाली.

“होतं,” आजोबा म्हणाले. त्यांनी ते नाकारलं नाही, याचं तिला बरं वाटलं.

दोघं टिटवीकडे गेले. राखणदाराकडे भोंगेवाल्याला उठवण्याची जी सूचना होती, तिच्यात मिथिलाने एवढंच वाढवलं: मागे जाऊ नको, समोरच राहून काम कर. तिने टिटवी बंद करून चालू केली आणि दोघं वाट बघत बसले. तार काढलेल्या भोंग्याच्या जागी तो छोटा दिवा अजून होताच. तो एकदा लुकलुकला आणि मग शांत राहिला. स्मृतीत भोंगेवाला एकच होता.

“झालं,” आजोबा म्हणाले.

“नाही,” मिथिला म्हणाली. “समजा उद्या हा खरंच बंद पडला तर?” तिने भोंगेवाला मुद्दाम बंद केला. राखणदाराने क्षणात नवा उठवला आणि दिवा पुन्हा लुकलुकला. “बघा. उद्याही बायका उगाच धावल्या असत्या.”

आजोबा टिटवीवर पुन्हा वाकले. हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग त्यांनी अशी सोय केली की टिटवीने त्या दिवसाचा पहिला भोंगा दिला की तशी खूण राहील. मधूनच उठलेला भोंगेवाला आधी ती खूण बघेल आणि मुकाट कामाला लागेल. मिथिलाने दिवा काढून भोंग्याची तार परत जोडली.

“आता जुना प्रारंभक परत बसवू या का?” मिथिलाने विचारलं.

“कशाला? जुना एकदा उठवून मोकळा व्हायचा. नंतर कुणी पडलं तर त्याला पत्ताच नसायचा. हा लक्ष ठेवतो. राहू दे ह्यालाच.” मग ते म्हणाले, “पण बायकांना तू सांगायचंस.”

अमावास्येच्या सकाळी बायका बांधावर जमल्या. टिटवीने चटकन जागी होऊन पहिला भोंगा दिला, तशी सुलूकाकींनी कपाळाला आठ्या घातल्या. “ती बंद ठेवा म्हटलं होतं, भाऊ.”

मिथिला पुढे झाली. तिचे कान तापले होते. मान वर होत नव्हती, म्हणून ती बायकांच्या चिखलट पायांकडे बघत बोलली. “काल आजोबांनी माफी मागितली, ती माझी होती. मी न विचारता टिटवीत बदल केला. तिला बोल लावू नका. आजोबांनाही नको.” मग तिने सगळं सांगितलं, तिवरांमागच्या मंदासकट.

“म्हणजे माझ्यावरून सापडलं?” मंदा म्हणाली. “मग मला काकींनी उगाच झापलं.”

“तू गप्प,” सुलूकाकी म्हणाल्या. आई मिथिलाकडे बघत होती. रागाने की कशाने, ते कळत नव्हतं. सुलूकाकींनी टिटवीला खालून वर न्याहाळलं, मग मिथिलाला. “तू माझ्याबरोबर खडकावर चल. टिटवी ओरडली की मी पाणी बघणार. पाणी तिच्या बाजूने बोललं तर उद्यापासून ती आमची. नाही तर नाही.”

खडकावर दोघी उभ्या राहिल्या. एक नावांची फेरी झाली, दुसरी झाली. टिटवी गप्प होती. काल जेवढ्या वेळाने भोंगे वाजत होते, तेवढा वेळ केव्हाच उलटून गेला. आता मिथिलाला वेगळीच भीती वाटू लागली: वाजलीच नाही तर? आई चिखलात सगळ्यात लांब होती.

आणि भोंगा वाजला.

सगळ्या बायका सुलूकाकींकडे बघू लागल्या. सुलूकाकी ओहळाकडे बघत होत्या. तिथे एक वाळकं पान समुद्राकडे वाहत चाललं होतं. ते थांबलं, जागच्या जागी गरगरलं आणि उलट, गावाच्या दिशेने सरकू लागलं.

“निघा,” सुलूकाकींनी आरोळी ठोकली. “निघा गो सगळ्या.”

शेवटच्या बाईचा पाय बांधावर पडला आणि मागचा ओहळ भरला. थोड्याच वेळात मधला खडकही दिसेनासा झाला. आईने मिथिलाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात चिखलाने थंडगार होता, तरी तिने तो हलवू दिला नाही.

“पलीकडच्या खाडीवरच्या बायका पण अशी टिटवी मागतायत,” आजोबा म्हणाले. “दोघं मिळून करू या. आधी एकमेकांना विचारून.”

मिथिलाने मान डोलावली. लाज अजून गेली नव्हती. ती एवढ्यात जाणारही नव्हती. घराकडे निघण्याआधी रीतीप्रमाणे सुलूकाकींनी शेवटची फेरी घेतली. वासंती, मंदा, सगळ्यांची नावं झाली, सगळ्यांनी ओ दिली. मग त्या क्षणभर थांबल्या.

“मिथिला.”

“ओ,” ती पुटपुटली.

“ऐकू नाही आलं.”

“ओ,” मिथिलाने मान वर केली आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशी ओ दिली.