सुमतीचा हलका हात

भुताच्या गोष्टी रचायची मला हौस नाही. हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलं. पटलं तर घ्या, नाहीतर राहिलं.

साल १९५६. पौष महिना. ठाकुर्लीची रेल्वे कॉलनी. रविवारची दिवेलागण.

मी वासंती. बिजवराला दिलेली. यांची पहिली बायको, सुमती, विषमज्वराने गेलेली. आमच्यात रीत अशी, की पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा. म्हणजे ती शांत राहते.

मेलेली सवत गळ्यात घेऊन मी स्वयंपाक करायचे. तेही सोसलं असतं हो! पण तो अँप्लिफायर…

हे पॉवर हाउसमध्ये नोकरीला. तबकड्या ऐकायला यांनी तो घरीच जोडला होता. त्यातल्या दोन मोठ्या काचेच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे दिव्यासारख्या नळ्यांचा, बायस अधूनमधून जुळवावा लागे. बायस म्हणजे व्हॉल्व्हचा लगाम. ढिला पडला की व्हॉल्व्ह भसाभस करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्ह जातो. फार आवळला की आवाज चिरका. एकाने मीटरचा काटा बघायचा, दुसऱ्याने पेच फिरवायचा.

पेच सुमती फिरवायची.

"काय हलका हात होता तिचा!" हे म्हणायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझ्या पुरणपोळीलासुद्धा कधी एवढं कौतुक मिळालं नाही.

आणि मी खोलीत पाऊल टाकलं, की तो अँप्लिफायर घुमायला लागायचा. घूंऽऽऽ…

बाहेर गेले की गप्प.

"अर्थिंग नीट नाही," हे म्हणायचे.

त्या रविवारी मी पदर खोचला. "आज पेच मी फिरवणार."

"बरं. पण गळ्यातलं काढ. आत साडेतीनशे व्होल्ट आहेत, धातू लोंबकळायला नको."

मंगळसूत्र मी पाठीवर टाकलं. टाक काढून खिडकीत ठेवला. एकदाची उतरली सवत!

शॉक छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे धरून मी वाकले. हे मीटरवर डोळे लावून बसले.

मी खोलीत होते, तरी अँप्लिफायर घुमत नव्हता…

"हां, फिरव. अजून थोडं… बस्स! अगं, काटा अगदी जागेवर आला. काय हलका हात!"

पेचकस माझ्या मुठीतच होता. मी तो पेचाला लावलाच नव्हता.

पेच… आपोआप फिरत होता.

आणि बांगड्या किणकिणत होत्या. माझे दोन्ही हात जागच्या जागी होते.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. घर माझं, नवरा माझा, आणि कौतुक हिचं? मी पेचकस खुपसला आणि पेच उलटा फिरवला. व्हॉल्व्हची प्लेट लालभडक झाली.

"सुमे, अगं काय करतेस!" यांनी वर पाहिलं.

माझ्याकडे नाही… माझ्या शेजारी. तिथे कुणी नव्हतं.

आणि हसले. तसं हसू लग्नापासून मला एकदाही मिळालं नव्हतं.

मी धावत जाऊन टाक गळ्यात घातला. त्याच क्षणी घूंऽऽऽ सुरू झालं. हे डोळे चोळत म्हणाले, "काय झालं गं?" व्हॉल्व्ह जळून गेला होता.

नवा व्हॉल्व्ह आला. एरवी मला नुसतं "ए" म्हणणारे हे, दर रविवारी लाडात यायला लागले. "वासंती, बायस बघूया? गळ्यातलं काढतेस ना?"

मी टाक काढला नाही. जन्मभर नाही.

हे गेले, तेव्हा मंगळसूत्र उतरलं. टाक तेवढा राहिला. अँप्लिफायर माळ्यावर टाकलाय, वायर तोडून.

तरी रविवारी दिवे लागले की वर बांगड्या किणकिणतात… आणि पाठोपाठ यांचं ते हसू.

टाक घालूनही.

भुताची भीती मला नाही. भीती एकच आहे. एखाद्या रविवारी हे वरून लाडात विचारतील, "वासंती, गळ्यातलं काढतेस ना?"

आणि मी काढेन.