अर्धी मिशी आणि तीन वस्तरे

व्हिएतनाममधल्या हुए शहरात, किल्ल्याच्या तटाला आमचा आरसा टांगलेला असे. आरशापुढे लाकडी खुर्ची, वर ताडपत्री. तीन दिवस झिमझिम थांबली नव्हती, आणि मी साबणाचा फेस फासलेल्या पपनसावरून वस्तरा फिरवत बसले होते.

"पपनसाची दाढी झाली असेल, तर माझी कराल का?"

मान वर केली... आणि फस्सकन हसूच आलं. समोरच्या तरुणाला मिशी होती — पण एकाच बाजूला!

"दुसरी कुठे विसरलात?"

"भट्टीत. घंटा ओतताना जरा जास्तच वाकून पाहिलं."

तो लाम. नदीपलीकडच्या ओतारी आळीतला.

बाबांच्या हाताला आजारपणापासून कंप सुटला होता. मी शिकत होते. पण पोरीच्या हातात वस्तरा दिसला की गिऱ्हाईक पुढच्या न्हाव्याच्या खुर्चीकडे वळायचं. तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणापर्यंत माझा हात बसला नाही तर खुर्ची विकायची, असं बाबांनी ठरवलं होतं. आणि हा भला माणूस मात्र खुशाल मान मागे टाकून बसला!

"दिएप, आधी मोठा," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

वस्तरे तीन होते. रुंद पात्याचा मोठा गालांसाठी, मधला हनुवटीच्या वळणासाठी, आणि करंगळीएवढा चिमुकला कानाची पाळ नि भुवयांखालची लव काढायला. मोठा मी धरला. मिशी गेली, गालही झाले. पण जबड्यापाशी पातं जरासं तिरपं पडलं. रक्ताचा एक थेंब...

"दुखलं?"

"छे! भट्टी याहून जोरात चावते."

दोनच दिवसांनी तो पुन्हा हजर.

"परवाच तर केली!"

"आमच्याकडे उष्णतेनं भराभर उगवते."

धादांत खोटं. गाल कसा तुळतुळीत होता! तरी मी फेस केला, मधला वस्तरा पट्ट्यावर घासला. हनुवटीखाली त्याची नाडी उडत होती. माझ्या बोटाला ती कळत होती, आणि त्याला कळत होतं की मला कळतंय...

असा तो येत राहिला. डोळे मिटून, निर्धास्त. येणारे-जाणारे ते बघत. एके सकाळी म्हातारे पोस्टमन काका छत्री मिटून आपणहून माझ्या खुर्चीत बसले. मग त्यांचा जावई आला. तेतला आठवडा उरला असताना रांग लागली. खुर्ची विकायचं नाव बाबांनी पुन्हा काढलं नाही.

एकच शिकायचं राहिलं होतं. चिमुकला वस्तरा.

त्या दिवशी लाम बसला, आणि मी त्याच्या भुवईखाली पातं टेकवलं. पापणी एका केसाच्या अंतरावर. ताडपत्रीवरचं पाणी टपटपत होतं. त्याचा श्वास माझ्या मनगटावर...

"डोळे उघडू?"

"नको."

"का?"

"तुम्ही बघितलंत की माझा हात थरथरतो."

बोलून गेले, आणि कानशिलं तापली. बाबांना एकदम खोकला आला.

मी दुसरी भुवईही पुरी केली. एकही ओरखडा नाही. मी वस्तरा मिटला.

"झालं. आता उद्या येऊ नका."

त्याचा चेहराच उतरला. "मी... काही चुकलो का?"

"या तोंडावर काढायला केस उरलेत कुठे? उद्या मी येते. नदीपलीकडे — तुमच्या आईला भेटायला."

तो खुर्चीत ताठ बसला.

"पावसात?"

"पावसात."

"दिएप... तू खरंच येशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो. इतकं हळू, तरी पावसातही मला स्वच्छ ऐकू आलं.

"येईन. तू आळीच्या तोंडाशी उभा राहा."

वर्तमानपत्र खाली आलं. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाळ, आईला आजच सांगून ठेव," ते गंभीरपणे म्हणाले, "सून येतेय, पण वस्तरा घरी ठेवून येतेय."