नऊ नंबरची दांडी

मी यंत्रमानव. गुडघे गेले तेव्हा मला खाणीतून वर आणून पडद्यापुढे बसवलं. खाली माणसं मँगनीज काढतात आणि छत किती सरकतंय ते मी मोजतो. बारा वर्षं झाली. दगडाचा मला मनापासून वीट आलाय.

दिवाळीच्या सुट्टीत वेणू मडावी माझ्याजवळ येऊन बसायची. तिचे बाबा सोमाजी खाणीतल्या नऊ नंबरच्या गल्लीत कामाला. त्या दिवशी दुपारी बाराला तिनं पडद्यावरच्या नऊ नंबरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"म्हातारबा, हे छत रोज सकाळी आठला तीन मिलिमीटर खाली येते अन् दुपारी एकला परत वर जाते. असं कसं?"

"जाते तर जाते. रोज धोक्याची घंटा वाजायची, म्हणून मीच ती बंद केली."

"पण खाली आलेला दगड वर जाईल कसा?"

पोरीचं बरोबर होतं. वरून अख्ख्या डोंगराचं ओझं दाबत असतं. त्यामुळे खोदलेल्या पोकळीत छत आणि जमीन हळूहळू जवळ येतात (याला अभिसरण म्हणतात). खाली आलेलं छत आपणहून माघारी जात नाही.

छत मोजायला जमिनीपासून छतापर्यंत एक दांडी उभी असते. तिच्या आत स्प्रिंग असते. छत खाली आलं की दांडी आखडते आणि तेवढं मला कळतं. म्हणजे दांडीच कुणीतरी दाबत होतं.

मी खाली फोन लावला. सोमाजी ओशाळले.

"खाली ठेवलं का उंदीर पिशव्या कुरतडतात जी. म्हून चौघांचे डबे दांडीच्या खुंटीला टांगतो. जेवताना काढतो."

"आत्ताच काढा."

डबे निघाले, पण रेघ पुरती वर आली नाही. डबे नसतानाच्या नोंदी मी वेणूला वाचायला लावल्या. सोमवारी छत पाव मिलिमीटर सरकलं होतं, मंगळवारी अर्धा, काल एक. आज दुपारपर्यंतच दोन. डब्यांच्या गोंधळात हे सरकणं झाकलं गेलं होतं.

"रोज दुप्पट होते," वेणू म्हणाली.

"किती सरकलं याहून वेग वाढतोय का, ते बघायचं असतं. वेग कमी होत गेला तर दगड सावरतोय. वाढत गेला तर तो पडणार."

"मग बाबा?" वेणूनं विचारलं.

मला भीती वाटली. घंटा मीच बंद केली होती ना. "सोमाजी, चौघंही निघा. डबे, हत्यारं राहू द्या तिथंच."

पावणेएकला नऊ नंबरचं छत बसलं. तोवर चौघं लिफ्टमध्ये होते.

वर येऊन सोमाजी बराच वेळ लेकीचा हात धरून बसले. मग तिनं आपला डबा उघडला आणि दोघांनी त्यातलंच खाल्लं.

आता डब्यांसाठी भिंतीला खुंट्या ठोकल्यात. पुढच्या वर्षी दगडाच्या आतली बारीक कडकड ऐकणारी यंत्रं येणार आहेत. त्यांना उंदीरही ऐकू येतील का, असं वेणूनं विचारलंय. बघू.

घंटा मी पुन्हा चालू केली आहे. वाजली की दर वेळी कारण शोधतो. कंटाळा येतो, पण शोधतो.