दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

चंद्रकांता सावे जावास्क्रिप्ट शिकली ती वांगी चिरता चिरता. मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवलेला, त्यातला मास्तर भरभर बोलतोय, आणि ही मधूनच विळी सोडून ओल्या बोटाने त्याला मागे नेतेय. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात ती टायपिस्ट म्हणून लागली, त्याला बावीस वर्षं झाली होती. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅन्टीनची कुपनं, टँकरची ये-जा, टाकीत उतरायची परमिटं, सगळं तिने लिहिलेल्या प्रोग्रामांवर चालायचं. पदाचं नाव मात्र अजून ऑफिस सहाय्यकच. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. चिंचणीला घरामागे चिकूची वाडी होती, आणि चिकूलाही कुणी पद देत नाही, असं ती म्हणायची.

फेब्रुवारीत नवं काम आलं. शुक्रवारी तपासणीवाले येणार होते आणि त्यांची अट होती की परमिटवरची प्रत्येक सही ज्याची त्याचीच हवी. तोवर परमिटच्या प्रोग्रामला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड होता. तो प्रत्येक स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला, आणि कागद फाटू नये म्हणून कुणीतरी त्याला प्रेमाने लॅमिनेशनही करून आणलेलं.

नवीन पद्धत तिकिटाची. प्रॉडक्शन मॅनेजर खंडेराव साताऱ्याकडचे, त्यांना कॉम्प्युटरचं काही सांगायला गेलं की ते आधी चहा मागवायचे. तिने त्यांना खिडकीपाशी नेलं आणि समोरच्या टाक्यांच्या शेडमधली फळी दाखवली.

त्या फळीवर खिळे होते. टाकी साफ करायला आत उतरणाऱ्या कामगाराने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे, झाकण लावायचं नाही. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, थट्टेतसुद्धा नाही. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा.

तिकीटही तसंच, ती म्हणाली. सकाळी माणूस आपल्या कॉम्प्युटरवर आला की मुख्य सर्व्हर त्याची ओळख पटवून त्याला तिकीट देतो. मग तो परमिटच्या प्रोग्रामकडे गेला की पासवर्ड विचारायचा नाही. प्रोग्रामकडे एक गुप्त किल्ली असते, तिने ते तिकीट उघडायचं, आतलं नाव वाचायचं. किल्ली लागली म्हणजे तिकीट खरं.

"आणि तिकीट कुणी चोरलं तर?" खंडेरावांनी विचारलं.

"दहा तासांनी ते आपोआप मरतं साहेब. आणि घड्याळ पाच मिनिटं जरी मागेपुढे असलं तरी आत घेत नाही."

"मधेच परत घ्यायचं असलं तर?"

"ते नाही येत. एकदा दिलेलं तिकीट संपेपर्यंत चालतं."

खंडेराव फळीकडे बघत राहिले. सात नंबरच्या टाकीच्या ओळीत एकच बिल्ला लटकत होता, दोनशे चौदा. तीन वर्षं तिथेच होता. मधे एकदा फळी रंगवली, तेव्हा रंगाऱ्यानेही बिल्ला न काढता त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवला होता.

बिल्ला झुंबरचा. मासवणचा कंत्राटी कामगार. सात नंबरमध्ये उतरला तो वर आला नाही. आत श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती. परमिटवर हवा तपासल्याची, सेफ्टीची टिक होती, पण पासवर्ड सगळ्यांचा एकच, त्यामुळे ती कुणी केली ते कळेना. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, मी नाही. शेवटी चौकशीच्या कागदावर आलं की कामगार कुणाला न विचारता आत गेला. सेफ्टी ऑफिसर नोकरी सोडून गेला, टाकी बंद झाली. आता पुढच्या आठवड्यात ती पुन्हा चालू व्हायची होती, आणि त्याआधी ती धुवायला आत उतरणार होता प्रताप. झुंबरचा धाकटा भाऊ.

सोमवारी तिने तिकिटाचा कोड सर्व्हरवर चढवला. दिवसभरात कोण कोण आलं याची नोंद संध्याकाळी उघडली. स्वतःचं नाव होतं. हर्षितचं होतं, तो नवा सेफ्टी ऑफिसर, हुशार, सदा घाईत. तिसरं नाव होतं दोनशे चौदा.

वेळ अकरा दहा. तिकीट खरं. किल्ली लागली.

तिला आधी स्वतःचाच राग आला. कुठेतरी चाचणीचं काहीबाही राहिलं असणार. तिने कोड वरपासून खालपर्यंत वाचला. मुख्य सर्व्हरवर या नावाचं खातं शोधलं. नव्हतं. कधीच नव्हतं, कंत्राटी कामगारांना कॉम्प्युटर कोण देतो?

मंगळवारी अकरा दहाला तो पुन्हा आला. तिने तिकिटाच्या आत पाहिलं. दिल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची, सतरा फेब्रुवारी, सकाळी सहा बावन्न. संपण्याची जागा रिकामी.

पाच मिनिटांचा फरक न चालणाऱ्या यंत्रणेने तीन वर्षांचं तिकीट आत घेतलं होतं, आणि तक्रारीचा एक शब्द नाही.

तिने जुनी किल्ली रद्द करून नवी बनवली. अशाने जुनी सगळी तिकिटं वाया जातात. गेलीही. हर्षितचा फोन आला की आत जाता येत नाही, पुन्हा लॉगिन करावं लागलं. बुधवारी अकरा दहाला दोनशे चौदा मात्र न अडता आत आला.

तो काय करतो, तेही नोंदीत होतं. तीन वर्षांपूर्वीचं सात नंबरचं परमिट उघडायचा. खाली सेफ्टीच्या टिकपाशी जायचा. तिथे थांबायचा. चार मिनिटांनी बंद.

कुठल्या कॉम्प्युटरवरून, तेही होतं. शेडमधल्या. ती चप्पल अर्धवट पायात सरकवूनच तिकडे निघाली. भर दुपार, पत्रा तापून टकटक करत होता, हवेला सडक्या बदामासारखा तो नेहमीचा वास. कॉम्प्युटर नव्हताच. तो अपघातानंतरच उचलला होता. भिंतीवर टेबलाच्या कडेचा ओरखडा होता, आणि त्याच्यावर लोंबणारी नेटवर्कची वायर, टोकाला काहीही न जोडलेली.

प्रताप तिथे पाण्याचा होज गुंडाळत होता. ती अशी भिंतीकडे बघत उभी राहिलेली पाहून त्याने काही हरवलंय का विचारलं. तिने नाही म्हटलं, आणि मग उगाचच विचारलं, सात नंबरमध्ये उतरायला भीती नाही वाटत?

"भीती कसली ताई. राग हाय." त्याने होज खाली ठेवला. "भाऊ न इचारता आत गेला, असं कागदावर लिवलंय. तो घरात न इचारता पानी पीत नव्हता."

त्या रात्री तिने स्वयंपाक केला, वाढलं, स्वतः मात्र नुसती उठबस करत राहिली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, कोड अडलाय.

कोड अडला नव्हता. अडलं होतं ते तिलाच ठाऊक होतं. सतरा फेब्रुवारीला अकरा वाजता जुन्या सेफ्टी ऑफिसरचा पालघरहून फोन आला होता. मीटिंगमध्ये आहे, टाकी मी बघितलीय, माणूस खोळंबलाय, तेवढी टिक तुम्हीच मारा. पासवर्ड समोरच लॅमिनेशन केलेला. अकरा दहाला तिने मारली. तिला वाटलं, एवढंसं तर काम. चौकशीत तिला कुणी विचारलं नाही, कारण ऑफिस सहाय्यकाला कोण विचारतं? आणि तिने सांगितलं नाही. टाकी बघितलीय म्हणणाऱ्याने ती बघितलेलीच नव्हती.

गुरुवार उजाडला. सात नंबर धुवायचा दिवस.

अकराला पाच कमी असताना हर्षितचा फोन आला. तो पालघरलाच होता, कलेक्टर कचेरीत. टाकीतली हवा त्याने काल संध्याकाळी तपासली होती, आकडे चांगले होते. प्रताप तयार आहे, खंडेरावसाहेब घाई करतायत. "मॅडम, माझ्या जागी तेवढी टिक करा ना. सिस्टम तुम्हीच बनवलीय, तुम्हाला येत असेलच."

येत होतंच. चाचणीसाठी तिने कोडमध्ये एक ओळ ठेवली होती, तिच्यामुळे ती कुणाच्याही नावाने आत जाऊ शकायची. शुक्रवारच्या आधी काढायची होती.

तिने फोन टेबलावर उपडा ठेवला. नोंद उघडी होती.

अकरा दहा. दोनशे चौदा.

आज त्याने जुनं परमिट उघडलं नाही.

आजचं उघडलं.

खाली गेला. सेफ्टीच्या रिकाम्या चौकोनापाशी थांबला.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

खंडेराव दारात येऊन काहीतरी म्हणाले. तिला ऐकू आलं ते एवढंच, "ताई, एक टिक तर आहे."

तिने ती ओळ शोधली. पुसली. सर्व्हर पुन्हा चालू केला. मग म्हणाली, "टिक होणार नाही साहेब. हवा आता मोजायची. माझ्यासमोर."

शेडमध्ये प्रताप पट्टा बांधून उभा होता. त्याचा बिल्ला झुंबरच्या शेजारच्या खिळ्यावर. तिने हवा मोजायला सांगितलं, तरी कुणी हलेना. मग प्रतापने स्वतःच मोजायचं यंत्र दोरीला बांधून मॅनहोलमधून खाली सोडलं. दोन हात दोरी गेली असेल नसेल, यंत्र ओरडायला लागलं. ऑक्सिजन एकवीस टक्के हवा, तो चौदावर आलेला. कालचे आकडे कालचे होते.

प्रतापने दोरी वर ओढली. आपला बिल्ला काढून मुठीत धरला.

"त्या दिवशीची टिक मी केली होती," चंद्रकांता म्हणाली. "झुंबरच्या परमिटवर. फोनवर सांगितलं म्हणून. न बघता."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. तो तिच्याकडे बघत राहिला, मग तिच्या मागच्या भिंतीकडे, जिथे वायर लोंबत होती.

"मंग ते कागदावर लिवा," तो म्हणाला.

तिने लिहिलं. जुन्या परमिटला जोडून, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तिकिटाने. झुंबर विचारल्याशिवाय आत गेला नव्हता, त्याने परमिटची वाट पाहिली होती, आणि ते परमिट मी दिलं. खंडेरावांना पाठवलं, चौकशी केलेल्या कचेरीला पाठवलं. खंडेरावांनी चहा मागवला नाही. नोकरी राहील का, हे त्यांनाही सांगता येईना.

शुक्रवारी तपासणीवाले आले, बघून गेले. अकरा दहा झाले. तिने नोंद उघडी ठेवली होती. अकरा अकरा. बारा. कुणी आलं नाही. तिने खूप दिवसांनी पाठ खुर्चीला टेकवली. डब्यातली थंड वांग्याची भाजी आज गोड लागली.

चारच्या सुमारास प्रताप ऑफिसच्या पायरीपाशी आला. रात्रभर हवा सोडून ठेवली, दुपारी हर्षितने स्वतः उभं राहून मोजलं, टाकी धुवून झाली, झाकण लावलं, असं त्याने सांगितलं. भावाचा बिल्ला फळीवर दिसत नव्हता. काढला कुणी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो त्याबद्दल रागावलेला वाटला नाही. उलट हलका झाल्यासारखा होता. जाता जाता सहज वळला.

"ताई, तुमचा बिल्ला फळीवर राहिलाय."

"माझा?" ती हसली. "ऑफिसच्या लोकांना बिल्ला नसतो रे."

"तुमचाच नंबर हाय त्यावर," तो म्हणाला, आणि गेटकडे गेला.

ती शेडमध्ये गेली. पहिली पाळी सुटली होती. उन्हाची तिरपी पट्टी फळीवर पडली होती. दोनशे चौदाच्या जागी खिळ्याभोवती जुन्या रंगाचा गोल उरला होता. त्याच्या दुसऱ्या बाजूच्या खिळ्यावर एक बिल्ला होता. पितळी, हाताळून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर तिच्या पगारपत्रकावरचा नंबर. त्याच्याही कडेकडेने रंगाऱ्याचा ब्रश फिरलेला होता, तोच जुना रंग, सुकून तडे गेलेला.

सात नंबरचं झाकण बंद होतं. सगळे बोल्ट आवळलेले.

तिने हात वर नेला. आणि तिथेच थांबवला.

बिल्ला काढायचा तो आतून बाहेर आल्यावर.